माणूस मेला, खटला मिटला, परवाना कोरा

कॅलिफोर्नियात लाल दिवा तोडताना पकडले गेलात, तर वाहनचालक म्हणून तुमच्या नोंदीवर एक पॉइंट चढतो. ट्रॅफिक स्कूल, म्हणजे वाहतूक नियमांचा छोटा अभ्यासवर्ग, केलं तर तो विमा कंपनीला दिसत नाही, पण डीएमव्हीच्या, म्हणजे राज्याच्या मोटार वाहन विभागाच्या, दप्तरी राहतो. याच राज्यात तुमच्या निष्काळजी गाडी चालवण्यामुळे कोणी मेलं, गुन्हा मिस्डिमीनर (कमी गंभीर गुन्हा) म्हणून दाखल झाला आणि न्यायाधीशांनी डायव्हर्जन, म्हणजे खटला थांबवून आरोपीला काही अटींवर दुसऱ्या वाटेला वळवणं, मंजूर केलं, तर अटी पूर्ण होताच खटला निकालात निघतो. दोषसिद्धी होत नाही, त्यामुळे तिच्या आधारावर लागणारे दोन पॉइंटही लागत नाहीत. हे कोणी ठरवून केलेलं नाही. दोन वेगवेगळ्या काळांत, दोन वेगवेगळ्या हेतूंनी बांधलेल्या व्यवस्था एकमेकींना छेदतात, तिथे ही फट पडली आहे.

आधी पॉइंटांची व्यवस्था पाहू. साध्या उल्लंघनाला एक पॉइंट. दारू पिऊन गाडी चालवणं, अपघात करून पळून जाणं, बेदरकार वाहन चालवणं यांना दोन. गाडीने मनुष्यवध केल्याबद्दल दोषी ठरलं तर तेही दोनच. बारा महिन्यांत चार, चोवीस महिन्यांत सहा किंवा छत्तीस महिन्यांत आठ पॉइंट झाले, की कायदा तुम्हाला निष्काळजी चालक धरतो आणि परवाना निलंबित होऊ शकतो. पॉइंटांची धास्ती मात्र बहुतेकांना परवान्यापेक्षा विम्यामुळे वाटते. 1988 साली मतदारांनी मंजूर केलेल्या प्रपोझिशन 103 नुसार विम्याचा हप्ता ठरवताना सर्वांत जास्त वजन चालकाच्या नोंदीला द्यावं लागतं, आणि चांगल्या चालकाला किमान वीस टक्के सवलत मिळते. बे एरियात राहणाऱ्या आपल्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको. दंडाच्या साध्या तिकिटावरून घरात किती चर्चा होते ते त्यांना माहीत आहे.

ही सारी व्यवस्था दोषसिद्धी या एकाच खुंटीला टांगलेली आहे. न्यायालयाने दोषी ठरवलं की तिथला कारकून डीएमव्हीला गोषवारा पाठवतो, आणि तो आला की पॉइंट चढतात. गंभीर निष्काळजीपणाने झालेल्या वाहन-मनुष्यवधात तीन वर्षांसाठी परवाना रद्द होतो, तोही दोषसिद्धीनंतरच. साध्या निष्काळजीपणाच्या प्रकाराला, म्हणजे दंड संहितेच्या कलम 192(सी)(2) ला, या सक्तीच्या रद्दीकरणातून आधीच वगळलेलं आहे. कमाल शिक्षा काउंटीच्या तुरुंगात एक वर्ष. त्यामुळे अशा चालकाच्या नोंदीवर खात्रीने उमटणार ते हे दोन पॉइंटच.

डायव्हर्जन आलं ते रस्त्यावरच्या वाहतुकीशी काहीही संबंध नसलेल्या वाटेने. 1967 साली अध्यक्ष जॉन्सन यांनी नेमलेल्या गुन्हेगारीविषयक आयोगाने सुचवलं, की किरकोळ गुन्ह्यातल्या माणसाला खटल्याच्या चरकात घालण्याऐवजी उपचार, काम, समुपदेशन यांकडे वळवावं. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये व्हेरा इन्स्टिट्यूट या न्यायव्यवस्थेच्या सुधारणेसाठी काम करणाऱ्या संस्थेने मॅनहॅटनच्या न्यायालयात तसा प्रयोग सुरू केला. कॅलिफोर्नियाने 1972 मध्ये अमली पदार्थांसह पहिल्यांदाच सापडलेल्यांसाठी कायदा केला. त्यावर सही तेव्हाचे गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांची होती. त्या कायद्यात सरकारी वकिलाला नकाराधिकार होता. 1974 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो काढून घेतला: आरोपीला वळवायचं की नाही हा न्यायिक निर्णय आहे, वकिलाने न्यायाधीशाचा हात धरता कामा नये. आज डायव्हर्जनची किल्ली न्यायाधीशाकडे आहे, तिचं मूळ या निकालात आहे.

गंमत अशी, की नोंद पुसली गेली तर काय होतं हे राज्याला आधीपासून कळत होतं, आणि प्रत्येक वेळी त्याने बांध घातला होता. दारूच्या नशेतल्या चालकांना डायव्हर्जन देऊ नये असं कलम वाहन संहितेत 1980 च्या दशकाच्या सुरुवातीलाच आलं. वाहतूक पोलिसांच्या तिकिटांबाबतही तेच. पूर्वी ट्रॅफिक स्कूल पूर्ण केलं की तक्रारच रद्द व्हायची. त्यामुळे एकच माणूस वेगवेगळ्या न्यायालयांत वारंवार सुटतो आहे का, हे पाहणं अवघड होई. 1 जुलै 2011 पासून नियम बदलला: दोषसिद्धी नोंदीवर राहील, फक्त गोपनीय राहील, आणि ही सवलत अठरा महिन्यांत एकदाच. ट्रक-बस चालवणाऱ्यांच्या बाबतीत तर केंद्र सरकारच आडवं आलं. 1999 च्या केंद्रीय कायद्यानंतर झालेल्या नियमांनुसार व्यावसायिक परवानाधारकाची दोषसिद्धी झाकणं, पुढे ढकलणं किंवा डायव्हर्जनने नोंदीबाहेर ठेवणं राज्यांना मना आहे. न पाळल्यास महामार्ग निधीला कात्री.

मग 2020 उजाडलं. त्याआधी लॉस एंजेलिस काउंटीत 2015 पासून तीन वर्षं एक प्रायोगिक योजना चालली होती. तिथे आरोपीला आधी गुन्हा कबूल करावा लागे. ती संपल्यावर राज्य विधानसभेचे सदस्य फिल टिंग यांच्या एबी 3234 विधेयकाने तीच कल्पना बरीच सैल करून राज्यभर नेली. महामारीने न्यायालयं तुंबलेली, पोलिस आणि तुरुंग यांच्याविषयी देशभर असंतोष, असा तो काळ. याच विधेयकात वृद्ध कैद्यांच्या पॅरोलची वयोमर्यादाही खाली आणली होती. 30 सप्टेंबरला गव्हर्नर न्यूसम यांनी सही केली आणि 1 जानेवारी 2021 पासून कायदा लागू झाला.

त्यानुसार न्यायाधीश जवळजवळ कोणत्याही मिस्डिमीनरमध्ये, सरकारी वकिलाचा विरोध डावलूनही, चोवीस महिन्यांपर्यंत डायव्हर्जन देऊ शकतात. गुन्ह्याची कबुली लागत नाही. अटी पाळल्या, नुकसानभरपाईची तजवीज केली, की खटला रद्द, आणि अटक झालीच नव्हती असं मानलं जातं. वगळलेल्या गुन्ह्यांची यादी अगदी छोटी: कौटुंबिक हिंसा, पाठलाग, आणि लैंगिक गुन्हेगार म्हणून नोंदणी करावी लागेल असे गुन्हे. गाडीखाली माणूस मरण्याचा गुन्हा त्यात नाही.

मद्यपी चालकही यादीत नव्हते, आणि सही करतानाच न्यूसम यांनी त्याबद्दल चिंता नोंदवली होती. पुढची दोन वर्षं वकील त्यावरच भांडले. खालच्या अपिली पीठांचे निकाल उलटसुलट आले. 2021 च्या ग्रासी खटल्यात अपील न्यायालयाने जुनं वाहन संहितेचं कलम उचलून धरलं, पाठोपाठ इतर निकालही तसेच आले, आणि दारूच्या खटल्यांना हे दार बंद झालं. सगळ्यांचं लक्ष दारूकडे राहिलं. शुद्धीवर असलेल्या, पण फोन बघत किंवा भरधाव जाताना कोणाचा जीव घेतलेल्या चालकासाठी असं कोणतंही जुनं कलम नव्हतं, त्यामुळे न्यायालयांना धरायला काही मिळालं नाही. नशेत गाडी चालवून कोणाला ओरखडाही न काढणाऱ्याला डायव्हर्जन नाही आणि शुद्धीत माणूस मारणाऱ्याला आहे, हे तर्काला धरून नाही असं मला वाटतं. कायद्याच्या अक्षराला मात्र धरून आहे. धोकादायक चालक परवान्यासकट रस्त्यावर कसे राहतात, यावर कॅलमॅटर्स या वृत्तसंस्थेने 2025 मध्ये मालिका चालवली, तेव्हा हा विषय वकिलांच्या वर्तुळाबाहेर पोचला.

डीएमव्ही अगदीच हतबल आहे असं नाही. अपघाताला चालक जबाबदार आहे असं विभागाला वाटलं तर तो स्वतःहून एक पॉइंट लावू शकतो, आणि मृत्यू झालेल्या अपघातात चालकाची फेरतपासणीही करू शकतो. पण ते त्याच्या मर्जीवर.

मागणी दोन प्रकारची असू शकते. एक, हा गुन्हा डायव्हर्जनमधून वगळावा. दुसरी, डायव्हर्जन राहू द्यावं पण पॉइंट मात्र लावावेत. दुसरीवर आक्षेप येतो, की दोष सिद्ध न होता शिक्षा कशी? 1971 च्या बेल विरुद्ध बर्सन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे, की सुनावणीची संधी न देता परवाना काढून घेता येत नाही. पण सुनावणी म्हणजे फौजदारी खटलाच असं नव्हे. कॅलिफोर्निया 1990 पासून दारूच्या प्रकरणांत हेच करत आलं आहे: अटकेच्या वेळीच परवाना जमा होतो, चालकाला डीएमव्हीपुढे स्वतंत्र सुनावणी मागता येते, आणि फौजदारी खटला पुढे कुठे जातो याची वाट न पाहता निलंबन अमलात येतं.