जनुकांच्या यादीत न सापडणारं फॉस्फेट

मुलाची ‘जनुकीय कुंडली’ काढून देणाऱ्या जाहिराती हल्ली वरचेवर दिसतात. थुंकीचा नमुना पाठवा, मूल गणितात चमकेल की मैदानात, ते आम्ही सांगू, असा त्यांचा दावा असतो. हे वाचलं की मला राग येतो, कारण त्यामागचा समज फार खोल रुजलेला आहे: जनुकं वाचली की माणूस वाचून झाला. जनुकांत प्रथिनं कशी बनवायची याची माहिती असते. प्रथिन बनल्यानंतर पेशी त्यात काय काय फेरफार करते, हे नुसती जनुकं वाचून कळत नाही.

असा एक फेरफार आपल्यापैकी अनेकांच्या तपासणी अहवालात छापलेला असतो. मधुमेहासाठी करतात ती ‘एचबीए१सी’ चाचणी म्हणजे साखर चिकटलेल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून या आकड्यावरून मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज येतो. हिमोग्लोबिनचं जनुक आहे तसंच राहतं, बदलतं ते प्रथिन. ही साखर आपली आपण चिकटते. पण पेशी स्वतःहून, विकरं वापरून जे फेरफार करते, त्यांतला सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे फॉस्फेट हा फॉस्फरस-ऑक्सिजनचा छोटा गट जोडणं. त्याच्या एका प्रकाराचा शोध ज्या संशोधकाच्या नावावर आहे, त्या टोनी हंटर यांच्याबद्दल मला लिहायचं आहे.

फॉस्फेट जोडून प्रथिनाचं काम सुरू किंवा बंद करता येतं, हे एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांनी १९५५ मध्ये स्नायूंतल्या ग्लायकोजेन फोडणाऱ्या विकरावर दाखवलं होतं. त्याचं नोबेल त्यांना १९९२ मध्ये मिळालं. फॉस्फेट जोडणाऱ्या विकराला कायनेज म्हणतात. एटीपी या पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूच्या तीन फॉस्फेटांपैकी टोकाचं उचलून ते प्रथिनावर बसवतं. फॉस्फेटवर ऋण प्रभार असतो, त्यामुळे प्रथिनाची घडी बदलते. काम झालं की फॉस्फटेज नावाची विकरं ते काढून टाकतात. पुढची वीसेक वर्षं समजूत अशी होती की प्राण्यांच्या पेशींत हे फॉस्फेट प्रथिनांच्या साखळीतल्या दुव्यांपैकी, म्हणजे अमिनो आम्लांपैकी, मुख्यतः दोघांवर बसतं: सेरिन आणि थ्रिओनिन.

हंटर मूळचे इंग्लंडमधल्या केंट परगण्यातले, शिक्षण केंब्रिजचं. १९७० च्या दशकात ते कॅलिफोर्नियातल्या सॉल्क संस्थेत उंदरांमध्ये गाठी निर्माण करणाऱ्या पॉलिओमा विषाणूवर काम करत होते. विषाणूचं एक प्रथिन निरोगी पेशीला कर्करोगाकडे कसं ढकलतं, हा प्रश्न होता. त्यांनी ते प्रथिन प्रतिपिंडांच्या मदतीने पेशींतून वेगळं काढलं आणि त्याला किरणोत्सारी फॉस्फरस असलेलं एटीपी दिलं. मग प्रथिन तीव्र आम्लात तापवून त्याचे अमिनो आम्लांपर्यंत तुकडे केले, सेल्युलोजच्या पातळ थरावर ठेवले आणि विद्युतदाब लावला. प्रत्येक तुकडा आपल्या प्रभारानुसार कमीजास्त सरकतो. नंतर क्ष-किरणांच्या फिल्मवर किरणोत्सारी ठिपके उमटतात. सेरिनचा ठिपका कुठे येतो आणि थ्रिओनिनचा कुठे, हे ठरलेलं.

१९७९ मधल्या त्या प्रयोगात ठिपका या दोघांच्या मधे आला.

अमिनो आम्लांत आणखी एकाला सेरिनसारखाच हायड्रॉक्सिल गट असतो, तो टायरोसिनला. हंटर यांनी फॉस्फेट लावलेलं टायरोसिन स्वतः तयार करून शेजारी सरकवून पाहिलं. जागा तंतोतंत जुळली. पण तुकडे ज्यात सरकतात ते बफर, म्हणजे आम्लता ठरावीक ठेवणारं द्रावण, ताजं करून प्रयोग पुन्हा केला, तेव्हा नवा ठिपका दिसेना! आधीचं बफर जुनं होतं, पुन्हा पुन्हा वापरलेलं. त्याचा सामू, म्हणजे पीएच, १.९ असायला हवा होता, तो घसरून १.७ झाला होता. इतक्या आम्लधर्मी द्रावणात सामू जरासा बदलला तरी रेणूंवरचा एकूण प्रभार बदलतो आणि त्यांची सरकण्याची गतीही. १.९ ला फॉस्फोटायरोसिन आणि फॉस्फोथ्रिओनिन एकाच जागी येत होती. १.७ ला ती सुटी झाली.

ही हकिकत ‘नशिबाने लागलेला शोध’ म्हणून सांगतात, ते मला पटत नाही. पक्ष्यांत सारकोमा हा कर्करोग निर्माण करणाऱ्या, १९११ मध्ये पेटन राउस यांनी शोधलेल्या विषाणूचं ‘सार्क’ प्रथिन कायनेज आहे, हे १९७८ मध्येच दिसलं होतं, आणि ते थ्रिओनिनवर फॉस्फेट लावतं असं नोंदवलं गेलं होतं. हंटर आणि बार्ट सेफ्टन यांनी ते नव्याने तपासलं, तर तिथेही टायरोसिनच निघालं. म्हणजे पुरावा आधीपासून फिल्मवर होता. हंटर यांनी अनोळखी ठिपका खोडून न टाकता त्याला नाव शोधलं, आणि तो नाहीसा झाल्यावर का नाहीसा झाला तेही शोधलं. निरोगी पेशीत फॉस्फेट लागलेल्या अमिनो आम्लांपैकी टायरोसिनचा वाटा अवघा ०.०३ टक्क्यांच्या आसपास असतो. राउसच्या विषाणूने बाधित पेशींत तो कितीतरी पट वाढलेला त्यांना आढळला.

इतक्या थोड्या फॉस्फेटने एवढा फरक का पडावा? कारण ते वाचणारी प्रथिनं वेगळी आहेत. त्यांच्या ‘एसएच२’ या भागात एक खोल खाच असते आणि तिच्या तळाशी धन प्रभाराचं आर्जिनिन. खोल विहिरीत आखूड दोराचा पोहरा पाण्यापर्यंत पोचत नाही, तशी सेरिन-थ्रिओनिनवरची फॉस्फेटं त्या आर्जिनिनपर्यंत पोचत नाहीत. टायरोसिनची साखळी लांब, तिच्यात सहा कार्बनचं कडं असतं, म्हणून तिच्या टोकाचं फॉस्फेट तळाला टेकतं. शिवाय फॉस्फेटच्या शेजारची दोन-चार अमिनो आम्लं कोणती, यावरून कुठलं प्रथिन येऊन बसेल ते ठरतं. एक प्रथिन बसलं की दुसरं त्याच्याजवळ येतं, आणि ‘विभाजन कर’ हा निरोप केंद्रकापर्यंत जातो. इन्सुलिनचा निरोप पेशीच्या आत नेणारं ग्राहक-प्रथिन (रिसेप्टर) हेही टायरोसिन कायनेजच आहे. २००२ मध्ये हंटर आणि सहकाऱ्यांनी मानवी जनुकसंचातले ५१८ कायनेज मोजले, त्यांत ९० टायरोसिनवाले.

रक्ताच्या कर्करोगाच्या ‘सीएमएल’ या प्रकारात ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन एक कायम सुरू राहणारं टायरोसिन कायनेज तयार होतं. एटीपी जिथे बसतं ती जागा अडवणारं इमॅटिनिब हे औषध २००१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं आणि या आजाराचं चित्र पालटलं. भारतात त्याच्या पेटंटचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १ एप्रिल २०१३ च्या निकालाने पेटंट नाकारलं गेलं आणि महिन्याला लाखाच्या घरात जाणाऱ्या औषधाला काही हजारांचा देशी पर्याय खुला राहिला. म्हणूनच, रक्ताचे आकडे सुधारले की गोळी सोडून गोमूत्राच्या अर्काकडे किंवा कुणा बाबाच्या काढ्याकडे वळणाऱ्यांची मला फार काळजी वाटते. आकडे सुधारलेले असतात ते त्या गोळीने. डॉक्टरांना न विचारता ती थांबवू नका.

ठिपके बघण्याचं काम आता मास स्पेक्ट्रोमीटर करतात. प्रथिनं ट्रिप्सिनने कापायची, फॉस्फेटवाले तुकडे टायटॅनियम डायऑक्साइडच्या कणांवर पकडायचे आणि त्यांचं वस्तुमान मोजायचं. फॉस्फेट लागलं की ते ७९.९६६ एककांनी वाढतं. सल्फेट लागलं तर ७९.९५७. शंभराव्या हिश्श्याइतका हा फरक ओळखणारी यंत्रं आली, तेव्हा प्रोटिऑमिक्सला, म्हणजे पेशीतल्या साऱ्या प्रथिनांच्या एकत्र अभ्यासाला, खरा वेग आला. या क्षेत्रातले संशोधक मथियास मान यांच्या गटाने २००६ मध्ये एकाच अभ्यासात २,२४४ प्रथिनांवर फॉस्फेटच्या ६,६०० जागा नोंदवल्या.

मात्र या साऱ्या पद्धतींत आम्ल वापरलं जातं, आणि हिस्टिडिन या अमिनो आम्लावर बसलेलं फॉस्फेट आम्लात गळून पडतं. हंटर यांना टायरोसिन ज्या आम्लाने दाखवलं, त्यानेच हिस्टिडिन दडवलं होतं. पुढे ते या प्रश्नाकडे वळले. आम्लात टिकणारे, फॉस्फेट लागलेल्या हिस्टिडिनसारखे दिसणारे कृत्रिम रेणू वापरून त्यांच्या गटाने २०१५ मध्ये फॉस्फोहिस्टिडिन ओळखणारी प्रतिपिंडं तयार केली. २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथल्या गटाने, हंटर यांच्या साथीने, ती यकृताच्या कर्करोगावर वापरली. गाठींमध्ये हिस्टिडिनवरचं फॉस्फेट वाढलेलं होतं आणि ते काढणारं ‘एलएचपीपी’ हे फॉस्फटेज घटलेलं. उंदरांच्या यकृतात एलएचपीपी परत वाढवलं, तेव्हा गाठी कमी झाल्या.