बाष्प विद्युत केंद्राच्या चक्राची कार्यक्षमता

बॉयलरमध्ये पाण्याला जेवढी उष्णता दिली, तिच्यातल्या किती भागाचे निव्वळ काम झाले, हे सांगणारे गुणोत्तर म्हणजे चक्राची कार्यक्षमता. ती रँकिन चक्राच्या आधारे काढतात. स्कॉटिश अभियंता विल्यम रँकिन (१८२०–१८७२) यांचे नाव या चक्राला मिळाले आहे. पंप पाण्याचा दाब वाढवतो, बॉयलरमध्ये त्याची अतितप्त वाफ होते, ती टर्बाइनमध्ये प्रसरण पावते आणि कंडेन्सरमध्ये पाणी होऊन पुन्हा पंपाकडे येते. या चार ठिकाणची एन्थाल्पी (दर किलोमागे वाफेत किंवा पाण्यात असलेली ऊर्जा) कळली की उरते ती वजाबाकी आणि भागाकार.

समजा, टर्बाइनमध्ये शिरणारी वाफ १० मेगापास्कल दाबाची व ५०० अंश सेल्सिअसची आहे आणि कंडेन्सरचा दाब १० किलोपास्कल आहे. बाष्प सारणीत (वाफेचे गुणधर्म दाब-तापमानानुसार देणाऱ्या तक्त्यात) या वाफेची एन्थाल्पी ३३७५ किलोज्यूल प्रतिकिलो आणि एन्ट्रॉपी (उष्णतेला तापमानाने भागून मोजली जाणारी राशी) ६.६० किलोज्यूल प्रतिकिलो प्रतिकेल्व्हिन मिळते. आदर्श टर्बाइनमध्ये एन्ट्रॉपी बदलत नाही. तीच एन्ट्रॉपी १० किलोपास्कलला धरली की शुष्कता (ओल्या वाफेतला कोरड्या वाफेचा वजनी हिस्सा) ०.७९३ आणि एन्थाल्पी २०९० येते. म्हणजे काम १२८५ किलोज्यूल. पंपाला लागतात फक्त १०, कारण पाणी जवळजवळ दबतच नाही. ३३७५ मधून पंपातून आलेल्या पाण्याची एन्थाल्पी २०२ वजा केली की बॉयलरने दिलेली उष्णता ३१७३; १२८५ वजा १० ला तिने भागले की आदर्श कार्यक्षमता ४०.२ टक्के.

आता टर्बाइन आणि पंप दोन्ही ८५ टक्के कार्यक्षम धरा. टर्बाइनचे काम १०९३ वर उतरते, पंपाचे १२ वर चढते आणि कार्यक्षमता ३४.१ टक्के होते. एका युनिट विजेसाठी (३६०० किलोज्यूल) सुमारे ३.३३ किलो वाफ लागते. टर्बाइनच्या तोट्याने कार्यक्षमता जवळजवळ सहा टक्के-बिंदूंनी घटली; पंपाचा वाटा त्यात नगण्य आहे. लक्ष कुठे द्यायचे ते या दोन आकड्यांवरूनच ठरते.

५०० अंशांची वाफ आणि ४५.८ अंशांचा कंडेन्सर यांच्यामधले कार्नो चक्र (दोन तापमानांमध्ये शक्य असलेली कमाल कार्यक्षमता देणारे आदर्श चक्र) ५८.७ टक्के देईल. मग आदर्श चक्रही ४० वर का अडते? कारण सगळी उष्णता ५०० अंशांना दिली जात नाही. बराच भाग थंड पाणी तापवण्यात आणि ३११ अंशांना ते उकळण्यात जातो. दिलेली उष्णता एन्ट्रॉपीच्या वाढीने भागली (३१७३ भागिले ५.९५) की उष्णता देण्याचे सरासरी तापमान मिळते: ५३३ केल्व्हिन, म्हणजे जेमतेम २६० अंश. कंडेन्सरचे तापमान ३१९ केल्व्हिन; एक वजा ३१९ भागिले ५३३ केले की तेच ४०.२ येते. चक्रातली प्रत्येक सुधारणा या सरासरी तापमानाच्या कसोटीवर घासून पाहावी. टर्बाइनमधून मध्येच काढलेल्या वाफेने फीडवॉटर (बॉयलरला पुरवायचे पाणी) तापवले की बॉयलरला थंड पाणी तापवावे लागत नाही आणि सरासरी वर सरकते. २ मेगापास्कलला वाफ बाहेर काढून पुन्हा ५०० अंशांपर्यंत तापवली, तर आदर्श कार्यक्षमता ४१.७ टक्के होते. शिवाय शेवटची शुष्कता ०.७९ वरून ०.९० वर जाते, आणि हा फायदा कार्यक्षमतेइतकाच मोलाचा आहे: ओल्या वाफेतले थेंब शेवटच्या पात्यांच्या कडा झिजवतात.

कंडेन्सरकडे मात्र सर्वांत जास्त लक्ष हवे. नळ्यांमध्ये गाळ बसला, ग्लँडमधून (टर्बाइनच्या दांड्याभोवतीच्या सीलमधून) हवा शिरली किंवा थंड पाणी कमी पडले की दाब वाढतो. वरच्याच उदाहरणात तो १० वरून १५ किलोपास्कल झाला, तर कार्यक्षमता ३४.१ वरून ३३.१ टक्क्यांवर येते आणि तितक्याच वाफेतून सुमारे पावणेचार टक्के काम कमी मिळते. हवा शिरली आहे की नळ्या मळल्या आहेत, हे ठरवण्यासाठी हवा काढणाऱ्या यंत्रणेतून बाहेर पडणाऱ्या हवेचा प्रवाह मोजतात.

मोजणीतली नेहमीची चूक दाबाची. व्हॅक्यूम गेज ६८५ मिलिमीटर पारा दाखवत असेल आणि बॅरोमीटर ७६० असेल, तर निरपेक्ष दाब ७५ मिलिमीटर, म्हणजे १० किलोपास्कल. त्याच वाचनाला बॅरोमीटर ७२० असेल तर तो ३५ मिलिमीटर, म्हणजे ४.७ किलोपास्कल. बॅरोमीटर न पाहता काढलेली कार्यक्षमता निरुपयोगी आहे. वाफेच्या गेजवरच्या दाबातही वातावरणाचा दाब मिळवल्याशिवाय सारणी उघडू नये. टर्बाइनमधून बाहेर पडणाऱ्या ओल्या वाफेची एन्थाल्पी दाब-तापमानावरून मिळत नाही, कारण संपृक्त अवस्थेत ती दोन्ही एकमेकांना बांधलेली असतात. ती उष्णतेच्या ताळेबंदातून काढावी लागते.

चक्राची कार्यक्षमता म्हणजे केंद्राची नव्हे. ३४.१ टक्क्यांना बॉयलरचे ८७, जनित्राचे ९८ आणि केंद्राच्या स्वतःच्या वापरानंतर उरणारे ९३ टक्के यांनी गुणले की २७ टक्के उरतात. ३६०० ला ०.२७ ने भागले की हीट रेट (एका युनिट विजेसाठी लागणारी इंधनाची उष्णता) येतो: युनिटमागे सुमारे १३,३०० किलोज्यूल. इंधनाचा उष्मांक उच्च (धुरातल्या वाफेची सुप्त उष्णता धरून) घेतला की निम्न (ती सोडून), यावर हा आकडा बदलतो. नैसर्गिक वायूच्या बाबतीत फरक दहा टक्क्यांच्या आसपास असतो, कारण त्यातल्या हायड्रोजनपासून झालेली पाण्याची वाफ आपली सुप्त उष्णता धुराड्यातून घेऊन जाते.