पराभूत संघातील थोर फुटबॉलपटू

फुटबॉलपटू किती मोठा हे ठरवताना पहिला प्रश्न असतो, त्याने काय जिंकले? ज्याच्या संघाने काहीच जिंकले नाही किंवा नेमका जिंकायचाच सामना गमावला, त्याचे नाव पुढच्या पिढीपर्यंत कसे पोचते, हा या नोंदीचा विषय आहे. पराभवाने खेळाडूचे कसब उणे होत नाही. त्याच्या बाजूचा सर्वांत सोपा पुरावा, म्हणजे चषक, तेवढा हातातून जातो. मागे उरतात सामन्यांची चित्रणे, आकडे, प्रतिस्पर्ध्यांच्या साक्षी आणि एखादी खेळशैली. हे जपणारे कोणी असले तर नाव टिकते.

‘पराभूत संघ’ हा शब्द तीन वेगळ्या परिस्थितींसाठी सर्रास वापरतात आणि बहुतेक वाद त्यांची गल्लत झाल्यामुळे होतात. संघ मुळातच दुबळा असणे ही एक. संघ बलाढ्य, पण शेवटच्या पायरीवर घसरला, ही दुसरी. आणि पराभव त्या खेळाडूच्याच पायातून किंवा हातातून आला, ही तिसरी. तिन्हींचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

दुबळा देश, दुबळा क्लब

देश निवडता येत नाही, त्यामुळे दुबळ्या राष्ट्रीय संघाचा दोष खेळाडूला सहसा लावला जात नाही. जॉर्ज बेस्ट उत्तर आयर्लंडकडून ३७ सामने खेळला, ९ गोल केले आणि विश्वचषक त्याला एकदाही खेळायला मिळाला नाही. हा संघ १९५८ मध्ये पात्र ठरला तेव्हा बेस्ट १२ वर्षांचा होता आणि १९८२ मध्ये पुन्हा ठरला तेव्हा ३६ वर्षांचा. त्याची पत राखली ती मँचेस्टर युनायटेडने: १९६८ चा युरोपियन कप (युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा) आणि त्याच वर्षीचा बॅलन डी’ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार. लायबेरियाच्या जॉर्ज वेआची गोष्टही तशीच. १९९५ चा बॅलन डी’ओर त्याला मिळाला तो युरोपातल्या क्लबांसाठीच्या खेळावर. राष्ट्रीय संघाचा खर्च मात्र तो अनेकदा स्वतःच्या खिशातून भागवत असे. रायन गिग्ज वेल्सकडून ६४ सामने खेळूनही एकाही मोठ्या स्पर्धेत दिसला नाही, पण १३ लीग विजेतेपदे असलेल्या माणसाला त्याबद्दल कोणी फारसे छेडत नाही.

क्लबच्या बाबतीत लोक इतके उदार नसतात. क्लब सोडता येतो. मग हा का राहिला, असा प्रश्न येतो आणि निष्ठा व महत्त्वाकांक्षेचा अभाव यांतले अंतर बघणाऱ्याच्या मनावर ठरते. मॅट ल टिसिए १९८६ ते २००२ या काळात साउथहॅम्प्टनकडेच राहिला. संघाची अनेक वर्षे तळाच्या जागा टाळण्यात गेली, पण ४८ पैकी ४७ पेनल्टी त्याने गोलात घातल्या (हुकलेली एक नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या मार्क क्रॉसलीने अडवली) आणि प्रीमिअर लीगमध्ये १०० गोल करणारा तो पहिला मधल्या फळीतला खेळाडू ठरला. इंग्लंडने त्याला अवघे आठ सामने दिले. इटलीत अँतोनियो दी नाताले २००९-१० मध्ये २९ आणि पुढच्या हंगामात २८ गोल करून दोन्ही वेळा लीगचा सर्वाधिक गोल करणारा ठरला. यांतल्या पहिल्या हंगामात त्याचा उदिनेझे संघ पंधरावा होता. एरवी अशा खेळाडूचे नाव त्याच्या गावापुरते राहते. ल टिसिएचे गोल लांबून, वळवून, बचावपटूच्या डोक्यावरून उचलून मारलेले होते आणि दूरचित्रवाणीवर जतन झाले, म्हणून तो गावाबाहेर पोचला. तितकेच गोल दीड मीटरवरून ढकललेले असते, तर हे घडले नसते.

शेवटच्या पायरीवरचा पराभव

हंगेरीचा १९५४ चा संघ हे याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. फेरेन्त्स पुष्काशच्या या संघाने नोव्हेंबर १९५३ मध्ये वेम्ब्लीवर इंग्लंडला ६-३ ने हरवले होते. विश्वचषकाच्या गटसाखळीत पश्चिम जर्मनीला त्यांनी ८-३ ने धुतले, पण त्याच सामन्यात पुष्काशचा घोटा दुखावला. ४ जुलैला बर्नमध्ये अंतिम सामन्यात पुन्हा तोच प्रतिस्पर्धी समोर आला. पुष्काश अर्धवट बऱ्या घोट्यानिशी उतरला, सहाव्या मिनिटाला गोल केला, आठव्या मिनिटाला झिबोरने दुसरा. अठराव्या मिनिटापर्यंत २-२ झाले होते. ८४ व्या मिनिटाला हेल्मुट रानने तिसरा गोल केला आणि शेवटी पुष्काशने साधलेली बरोबरी ऑफसाइडच्या नियमाने अमान्य ठरली.

तरीही या संघाला विस्मरण आले नाही, याचे कारण त्यांच्या हाती एक कल्पना होती. नांदोर हिदेगकुटी हा मधला आघाडीपटू मागे सरकून खेळे. त्याच्यावर नेमलेला बचावपटू पुढे आला की पाठीमागे मोकळी जागा पडे आणि पुष्काश-कोचिश तिथे धावत शिरत. प्रशिक्षकांनी ही युक्ती अभ्यासली, उचलली आणि प्रत्येक वेळी हंगेरीचे नाव घेतले. १९७४ च्या नेदरलँड्सचेही तसेच. म्युनिकच्या अंतिम सामन्यात जर्मन खेळाडूचा पाय चेंडूला लागण्याआधीच योहान क्रायफने पेनल्टी मिळवली होती, नीस्केन्सने ती गोलात घातली, आणि संघ १-२ ने हरला. क्रायफने पुढे बार्सिलोनाचा प्रशिक्षक म्हणून तीच खेळशैली रुजवली व १९९२ चा युरोपियन कप जिंकला. हरलेल्या संघाची पद्धत पुढे जिंकणाऱ्यांनी वापरली, की हरलेला खेळाडू पूर्वज ठरतो. नुसते देखणे खेळून हरलेले संघ इतके भाग्यवान नसतात.

क्रमही महत्त्वाचा. २०२२ च्या अंतिम सामन्यात किलियन एमबापेने ८०, ८१ आणि ११८ व्या मिनिटांना गोल केले, शूटआउटमधली (बरोबरी राहिल्यावर निकालासाठी आळीपाळीने मारायच्या पेनल्टींमधली) किकही साधली, आणि फ्रान्स हरला. त्याच्या नावाला ओरखडा उठला नाही, कारण २०१८ चा चषक आधीच घरात होता. लिओनेल मेस्सीच्या बाबतीत क्रम उलटा: कोपा अमेरिका या दक्षिण अमेरिकी देशांच्या स्पर्धेचे २००७, २०१५ व २०१६ चे आणि विश्वचषकाचा २०१४ चा, असे चार अंतिम सामने अर्जेंटिनाने गमावले. २०१६ मध्ये शूटआउटची किक चुकल्यावर त्याने राष्ट्रीय संघ सोडल्याचे जाहीर केले, काही आठवड्यांत परतला. २०२१ ची कोपा आणि २०२२ चा विश्वचषक आल्यावर तेच चार पराभव लोक तपश्चर्या म्हणून वाचू लागले. सामन्यांतले एक मिनिटही बदलले नव्हते.

एक किक

तिसऱ्या प्रकारात अन्याय सर्वाधिक होतो. १७ जुलै १९९४ रोजी पॅसाडेनात ब्राझीलविरुद्धच्या अंतिम सामन्याच्या शूटआउटमध्ये इटलीच्या रोबेर्तो बाजोची किक आडव्या दांड्यावरून गेली आणि इटलीने विश्वचषक गमावला, असे सांगितले जाते. क्रम नीट पाहिला तर चित्र निराळे दिसते. चार-चार किक झाल्यावर ब्राझील ३-२ ने पुढे होता; इटलीच्या बारेसीची किक वरून गेली होती, मासारोची ब्राझीलचा गोलरक्षक ताफारेलने अडवली होती. बाजोने गोल केला असता तर ३-३ झाले असते आणि ब्राझीलची पाचवी किक अजून बाकी होती. म्हणजे त्याची किक सामना वाचवू शकत नव्हती, फक्त लांबवू शकत होती. शिवाय बाद फेरीत अंतिम सामन्यापर्यंत इटलीने केलेल्या सहा गोलांपैकी पाच बाजोचे होते. त्यांतला पहिला नायजेरियाविरुद्ध ८८ व्या मिनिटाला आला, संघ दहा खेळाडूंवर आलेला असताना. तो नसता तर पॅसाडेना आलेच नसते.

गोलरक्षकाला तर अशी जुळवाजुळवही करता येत नाही. १९५० च्या विश्वचषकाच्या निर्णायक सामन्यात माराकाना मैदानावर उरुग्वेच्या घिज्जाने ७९ व्या मिनिटाला जवळच्या खांबाशी मारलेला चेंडू मोआसिर बार्बोसाला अडवता आला नाही आणि ब्राझील १-२ ने हरला. तोवर तो आपल्या काळातला अव्वल गोलरक्षक गणला जात होता. २००० मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याची ओळख त्या एका चेंडूपुरतीच राहिली.

आकडे कसे वाचावेत

हरणाऱ्या संघातल्या खेळाडूचे आकडे सरळ वाचले तर दोन्ही बाजूंनी फसवतात. चेंडू बहुतेक वेळ प्रतिस्पर्ध्याकडे असल्याने दुबळ्या संघाच्या बचावपटूचे टॅकल (प्रतिस्पर्ध्याच्या पायातून चेंडू काढून घेणे) आणि अडवलेले पास आपोआप वाढतात. ते संघाजवळ चेंडू किती वेळ होता या प्रमाणात कमी करून पाहिल्याशिवाय तुलना होत नाही. गोलरक्षकाने किती फटके अडवले यापेक्षा, आलेल्या फटक्यांतून सरासरी किती गोल व्हायला हवे होते आणि प्रत्यक्षात किती झाले, हा फरक बघावा.

आघाडीपटूच्या बाबतीत आधी पेनल्टी वजा कराव्यात (एक पेनल्टी साधारण ०.७६ ते ०.७९ गोलाइतकी धरतात), मग गोल दर ९० मिनिटांवर आणावेत, आणि शेवटी संघाच्या एकूण गोलांतला वाटा काढावा. समजा, ३६ गोल करणाऱ्या संघातल्या एकाचे १८ आहेत, तर वाटा निम्मा. ९० गोल करणाऱ्या संघात २४ गोल म्हणजे जेमतेम २७ टक्के. मात्र वाटा मोठा असण्याचा अर्थ खेळाडू मोठा असा लगेच घेऊ नये. सगळे चेंडू एकाकडेच जात असतील तर तो आपसूक वाढतो. ०-३ ने मागे असताना, प्रतिस्पर्धी सैल पडल्यावर केलेले गोल वेगळे मोजणे ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि चाहत्यांचे भांडण तिथेच सुरू होते.

पुरस्कारांच्या बाबतीत हरलेल्यांची स्थिती वाटते तितकी वाईट नाही. १९९८ ते २०१८ या सलग सहा विश्वचषकांत गोल्डन बॉल, म्हणजे स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, विजेत्या संघाबाहेर गेला: रोनाल्डो, कान, झिदान, फोर्लान, मेस्सी, मॉद्रिच. फोर्लानचा उरुग्वे चौथा आला, बाकीचे पाच अंतिम सामन्यात हरले. बॅलन डी’ओरच्या २०२२ च्या सुधारित निकषांतही वैयक्तिक खेळ आधी आणि संघाची विजेतेपदे नंतर, असा क्रम आहे. महिला फुटबॉलमध्ये ब्राझीलची मार्ता हे ठळक उदाहरण. २००७ च्या विश्वचषकात गोल्डन बॉल आणि गोल्डन बूट (सर्वाधिक गोलांचा पुरस्कार) दोन्ही तिला मिळाले, पण अंतिम सामन्यात तिची पेनल्टी नादिने आंगेररने अडवली व ब्राझील जर्मनीकडून ०-२ ने हरला. विश्वचषक तिने कधीच जिंकला नाही. विश्वचषकात सर्वाधिक १७ गोल मात्र तिचेच आहेत, पुरुषही त्यात धरले तरी.

नोंद राहूनही नाव जाण्याचे उदाहरण एर्न्स्ट विलिमोव्स्कीचे आहे. ५ जून १९३८ रोजी विश्वचषकात स्ट्रासबुर्गमध्ये पोलंड ब्राझीलकडून जादा वेळेत ५-६ ने हरला. पोलंडच्या पाच गोलांपैकी चार विलिमोव्स्कीचे होते. विश्वचषकाच्या एका सामन्यात त्याहून जास्त गोल व्हायला १९९४ उजाडले. त्या वर्षी रशियाच्या ओलेग सालेंकोने कॅमेरूनविरुद्ध पाच केले, आणि त्याचाही संघ पुढे गेला नाही, गटसाखळीत बाहेर पडला. महायुद्धाच्या काळात विलिमोव्स्की जर्मनीकडून खेळला. त्यामुळे युद्धानंतरच्या पोलंडमध्ये त्याचे नाव घेणे बंद झाले, आणि जर्मनीला त्या चार गोलांशी काही देणेघेणे नव्हते.