स्पेसवॉक : आरंभीचे धोके

अंतराळयानाबाहेरील निर्वातात केवळ दाबयुक्त पोशाखाच्या आधारे वावरताना जाणवलेले आणि पुढे अंतराळवीरांच्याच कथनांतून उघड झालेले धोके. येथे मुख्यतः १९६५–६६ मधील घटनांचा विचार केला आहे.

१८ मार्च १९६५ रोजी सोव्हिएट अंतराळवीर अलेक्सेई लिओनोव्ह व्हस्खोद-२ यानातून बाहेर पडले. पाव्हेल बेल्यायेव्ह आत होते. बाहेरचा काळ १२ मिनिटे ९ सेकंद असा रूढ आहे. एअरलॉकमधील (यानातून बाहेर पडण्याच्या हवाबंद मधल्या कक्षातील) निर्वात अवस्था धरल्यास तो सुमारे २४ मिनिटे भरतो. तत्कालीन अधिकृत वृत्तांतांत सारे सुरळीत पार पडल्याचा सूर होता. लिओनोव्ह यांनी पुढे सांगितलेली हकीकत निराळी आहे. निर्वातात पोशाख फुगून ताठ झाला. बोटे हातमोज्यांतून आणि पावले बुटांतून मागे सरकली. मांडीवरील कॅमेऱ्याच्या बटणापर्यंत हात पोहोचेना. आत शिरता येईना, तेव्हा त्यांनी पोशाखातील दाब सुमारे ०.४ वरून ०.२७ वातावरणदाबाच्या आसपास उतरवला. असे केल्याने रक्तात नायट्रोजनाचे बुडबुडे होण्याची भीती असते. मात्र आधीपासून शुद्ध ऑक्सिजन घेत असल्याने शरीरातील बराच नायट्रोजन निघून गेला असेल, असा त्यांचा हिशोब होता.

दाब उतरवताना जमिनीवरील नियंत्रकांना विचारले नाही, पायांऐवजी डोके आधी घालून आत शिरलो आणि जेमतेम मीटरभर व्यासाच्या एअरलॉकमध्ये अंग वळवले, हे तपशील उत्तरकालीन आठवणींत ठळकपणे येतात. त्यांच्या क्रमाबाबत सावध राहणे बरे. पोशाख फुगणे व दाब उतरवणे हा गाभा मात्र ग्राह्य मानावा. अधिकृत वृत्तांतातील मौन त्याविरुद्धचा पुरावा ठरत नाही.

३ जून १९६५ रोजी अमेरिकी अंतराळवीर एडवर्ड व्हाइट जेमिनी-४ यानातून बाहेर पडले. हातातील वायुझोताच्या उपकरणातील वायू लवकरच संपला. त्याहून गंभीर म्हणजे परतल्यावर यानाचे दार बंद होताना अडले. अशा बिघाडाशी त्यांचे सहप्रवासी जेम्स मॅकडिव्हिट जमिनीवरील चाचण्यांत परिचित झाले होते, म्हणून ते लावता आले.

श्रमाचा धोका जून १९६६ मध्ये जेमिनी-९ए मोहिमेत स्पष्ट झाला. यूजीन सर्नन दोन तासांहून अधिक काळ बाहेर होते. पाय रोवायला पुरेसा आधार नसल्याने साधा खटका फिरवतानाही सारे शरीर उलट दिशेला फिरे. पोशाख केवळ वायुप्रवाहाने थंड होत असे. घामाची वाफ त्याला पेलेना आणि शिरस्त्राणाची काच आतून धुरकटली. नाक काचेवर घासून केलेल्या फटीतून ते पाहत होते. पाठीवर बांधून अंतराळात संचार करण्याच्या उपकरणाची चाचणी सोडून द्यावी लागली. पुढे मायकेल कॉलिन्स व रिचर्ड गॉर्डन यांनाही आधाराअभावी असाच त्रास झाला.

नोव्हेंबर १९६६ मध्ये जेमिनी-१२ च्या बझ ऑल्ड्रिन यांनी पाण्याखालील सराव, पाय अडकवण्याच्या खोबणी व मधूनमधून विश्रांती यांच्या जोरावर तीन खेपांत मिळून सुमारे साडेपाच तास काम केले. पाण्याने थंड राहणारी अंतर्वस्त्रे अपोलो पोशाखांत आली.

डिसेंबर १९७७ मधील सॅल्युत-६ या सोव्हिएट अंतराळस्थानकावरील प्रसंग रंगवून सांगितला जातो. यूरी रोमानेन्को यांचा सुरक्षादोर अडकवलेला नव्हता आणि गिऑर्गी ग्रेच्को यांनी त्यांना पकडले, एवढे सर्वसाधारणपणे मान्य आहे. परंतु ग्रेच्को यांनी पकडले नसते तर ते कायमचे दुरावले असते, हे मत टिकण्यासारखे नाही, कारण स्थानकाशी जोडलेली विद्युत व संपर्काची नळी शाबूत होती.