बीट नको, लिंबाची फोड द्या

"बीट परवडत नाही जी, मंग पोराले रक्त कुठून येइन?" यवतमाळ जिल्ह्यातल्या एका अंगणवाडीत एका आईने मला विचारलं. लाल खाल्लं की रक्त वाढतं, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं.

बीटाचा लाल रंग बीटालेन या रंगद्रव्याचा. हिमोग्लोबिनशी त्याचं काही नातं नाही. शंभर ग्रॅम बीटात लोह जेमतेम 0.8 मिलिग्रॅम, तिच्या घरी शिजणाऱ्या बरबटीत, म्हणजे चवळीत, त्याच्या दुपटीहून जास्त. तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या सुमारे 69 टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. कारणं बरीच आहेत, पण एक ताटातच सापडतं: पोटात गेलेलं सगळं लोह रक्तात उतरत नाही.

डाळी-भाज्यांतलं लोह बहुतांशी 'फेरिक' रूपात असतं. जठरातल्या आम्लात ते विरघळतं, पण लहान आतड्यात आम्लता कमी होताच त्याचा गाळ बसू लागतो. त्यात धान्या-डाळींतलं फायटेट त्याला जखडून ठेवतं. आतड्याच्या पेशीवर लोहासाठी जे दार आहे, ते फक्त 'फेरस' लोहाला उघडतं. फेरिकचं फेरस व्हायला एक इलेक्ट्रॉन लागतो, आणि लिंबातलं क जीवनसत्त्व तो देऊन टाकतं. शिवाय लोहाला धरून विरघळलेलं ठेवतं. आत गेल्यावरही काम संपत नाही: यकृतातलं हेप्सिडिन हे संप्रेरक पेशीचं मागचं दार बंद ठेवू शकतं, आणि मग ते लोह पेशीसोबतच काही दिवसांत झडून जातं. शरीरात लोह कमी असलं की हेप्सिडिन घटतं आणि हे दार उघडतं. पण पुढच्या दारातून काही आलंच नाही, तर मागचं उघडून काय उपयोग?

चहाचं मात्र बायकांना डोळ्यांनी दाखवलं. कपभर कोऱ्या चहात लोहाच्या गोळीची पूड टाकून ढवळली. चहा शाईसारखा काळा झाला. चहातल्या टॅनिनने लोह बांधून टाकलं, आता ते आतड्याच्या कामाचं नाही. जेवणासोबतच्या चहाने असं लोहशोषण निम्म्याहून खाली येऊ शकतं. लहान पोराला चहा देऊच नये. सकाळी चहा-पोळी देणाऱ्या घरांना हे कळकळीने सांगतो. मोठ्यांनी जेवणानंतर तास-दीड तास थांबावं.

पोरगं माती खात असेल तर नजर काढत बसू नका. ते लोहाच्या कमतरतेचं लक्षण असू शकतं. हिमोग्लोबिन तपासून घ्या.

"अन् लिंबू महाग झालं तं?" तिने पुन्हा विचारलं. मग वरणावर कच्चा सांबार, म्हणजे कोथिंबीर, टाका, जेवणासोबत आवळा द्या. लिंबू असेल तेव्हा वरण उतरवल्यावर पिळा, क जीवनसत्त्व उकळीत टिकत नाही. आणि जाम, म्हणजे पेरू. त्यात संत्र्याच्या चौपट क जीवनसत्त्व असतं. तिच्या अंगणात जामाचं झाड होतं. सर्दी होते म्हणून ती पोराला त्याच्याखाली फिरकू देत नव्हती.