इंचवर्म

इंचवर्म म्हणजे जिओमेट्रिडी कुळातल्या पतंगांची अळी. नावात वर्म आहे पण गांडुळाशी वगैरे हिचं काही नातं नाही, मोठी झाली की कोष करते आणि पतंग होऊन उडून जाते. कुळ अवाढव्य आहे, जगभरात साधारण २३,००० जाती.

सगळं नाव पडलंय ते चालीवरून, आणि चाल अशी का तर पाय कमी. साधारण अळीला पुढे छातीखाली खऱ्या पायांच्या तीन जोड्या असतात आणि मागे पोटाखाली मऊ मांसल पायांच्या पाच. इंचवर्मला मागे बहुतेक वेळा दोनच जोड्या, त्याही अगदी शेपटाकडे, म्हणजे मधलं अख्खं अंग बिनपायाचं. मग ती करते काय, पुढच्या पायांनी फांदी धरते, मागचं टोक ओढून पार पुढच्या पायांजवळ आणते, मध्ये अंगाची कमान होते, मग मागचे पाय रोवून पुढचं अंग लांब करते. टेप नसली की आपण वितीने टेबल मोजतो ना, करंगळी जिथे टेकली तिथे अंगठा आणून ठेवतो, डिट्टो तेच.

गंमत म्हणजे ही चाल बघून बऱ्याच भाषांनी आपापली पट्टी काढली. इंग्रजीत इंच (बऱ्याच अळ्या असतातही इंचभराच्या), जर्मनमध्ये श्पानर, त्यातला श्पाने म्हणजे आपली वीत, जपानीत शाकुतोरीमुशी, म्हणजे शाकु या जुन्या जपानी मापाने मोजणारा किडा. फ्रेंच लोक हिला थेट जमीन मोजणारी म्हणतात. शास्त्रीय नावही तेच सांगतं, ग्रीकमध्ये गे म्हणजे जमीन, मेट्रॉन म्हणजे माप, जिओमेट्री शब्द तिथलाच. स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने १७५८ साली या पतंगांना जिओमेट्रा म्हटलं, पतंगाचं नाव पण अळीच्या चालीवरून. इंग्रजी बोलणाऱ्यांत एक समजूतही आहे, अळी अंगावर चढली की ती नव्या कपड्यांचं माप घेतेय म्हणे.

मराठीत मात्र कोणी मोजपट्टी काढली नाही, आपल्याला दिसला उंट! पाठीला बाक येतो म्हणून उंटअळी. पण इथे एक घोळ आहे, सोयाबीनवर येते ती हिरवी उंटअळी या कुळातली नाहीच, तिला मागे तीन जोड्या असतात आणि कमानही अर्धवटच होते, म्हणून इंग्रजीत तिला सेमीलूपर म्हणतात (लूपर हे इंचवर्मचंच दुसरं नाव, सेमी म्हणजे अर्धी). एरंडीवरची उंटअळीही तशीच, दुसऱ्या कुळातली. आसाम, उत्तर बंगालच्या चहामळ्यात पानं फस्त करणारे लूपर मात्र अस्सल जिओमेट्रिडी.

दुसरी कला म्हणजे काडी बनणं. धोका वाटला की मागच्या पायांवर तिरकी ताठ उभी राहते, रंग आणि गाठीसुद्धा डिक्षीसारख्या, बाजूला बसलेल्या माणसालाही कळत नाही. जपानीत अशा अळीला दोबिनवारी म्हणतात, म्हणजे किटली फोडणारी, कारण शेतकरी फांदी समजून तिच्यावर मातीची किटली अडकवतो आणि ती खाली पडून फुटते. बायोलॉजीच्या पुस्तकात पेपर्ड मॉथ असतो, इंग्लंडमध्ये धुराने झाडं काळी पडल्यावर ज्याचे काळे पतंग जास्त वाचले आणि वाढले, तोही याच कुळातला, त्याची अळी तर ज्या फांदीवर बसते तिच्यासारखा स्वतःचा रंग बदलते. त्यातूनही पक्षी जवळ आलाच तर तोंडातून रेशमाचा धागा सोडून खाली लोंबकळायचं, संकट टळलं की त्याच धाग्याने वर.

खाणं बहुतेकींचं पानं, फुलं. अपवाद हवाई बेटांवरच्या युपिथेसिया वंशातल्या काही अळ्यांचा, त्या काडीसारख्या निवांत बसतात आणि एखादी माशी मागच्या बाजूला अंगाला लागली की झटक्यात मागे वळून तिला पकडून खातात.