नवा हिममार्ग (गिर्यारोहण)

पर्वताच्या हिमाच्छादित किंवा बर्फाळ अंगावरून, पूर्वी कोणीही चढलेले नाही अशा रेषेने केलेले आरोहण आणि ती रेषा, या दोहोंना गिर्यारोहणात नवा हिममार्ग म्हणतात. शिखर आधी सर झालेले आहे की नाही, याच्याशी मार्गाच्या नवेपणाचा संबंध नसतो. आल्प्समधील माँ ब्लाँचा माथा मिशेल पाकार व जाक बाल्मा यांनी १७८६ मध्ये गाठला होता. तरीही १८६५ मध्ये ब्रेन्वा बाजूच्या सोंडेवरून जी तुकडी त्याच माथ्यावर पोहोचली, तिचे आरोहण बर्फावरील नव्या मार्गांच्या इतिहासातील फार महत्त्वाचा टप्पा मानले जाते. पाचनईहून हरिश्चंद्रगडावर जाणारा आणि कोकणातल्या बेलपाड्याहून नळीच्या वाटेने चढणारा असे दोघे एकाच माथ्यावर पोहोचतात, पण दोघांनी पाहिलेला डोंगर वेगळा असतो, हे ज्याने अनुभवले आहे त्याला ही कल्पना निराळी समजावून द्यावी लागत नाही.

रोजच्या मराठीत आकाशातून पडणारे भुसभुशीत हिम आणि गोठलेल्या पाण्याचा टणक बर्फ, या दोहोंना ‘बर्फ’च म्हटले जाते. कोकण किनाऱ्यावर हिम पडत नाही, त्यामुळे तिथे या एका शब्दाने कोणाचे अडतही नाही. आरोहकाचे मात्र अडते, कारण त्याच्या पायाखालचा पदार्थ दर दोरीगणिक, म्हणजे दर पन्नास-साठ मीटरला, बदलत असतो. ताज्या हिमाची घनता दर घनमीटरला साधारण ५० ते १०० किलोग्रॅम असते. तेच हिम वर्षानुवर्षे दाबले जाऊन, वितळून-गोठून दाणेदार होते आणि अखेर हिमनदीचा बर्फ बनते, तेव्हा ही घनता ८३० ते ९१७ किलोग्रॅमपर्यंत जाते. ताज्या हिमात माणूस मांडीपर्यंत बुडतो, दबलेल्या जुन्या हिमात एका लाथेत पायरी होते, आणि जुन्या निळसर बर्फावर दहा घाव घातले तरी कधीकधी केवळ ओरखडा उठतो. आरोहणासाठी लागणारे बाकीचे शब्द मात्र सह्याद्रीने मराठीला आधीच दिलेले आहेत. दोन कड्यांमधल्या अरुंद, तीव्र उताराच्या घळीला कोकणातून घाटमाथ्यावर चढणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या ‘नाळ’ म्हणत आले. युरोपीय आरोहक जिला कूल्वार म्हणतात ती हीच, फक्त धोंड्यांऐवजी हिमाने भरलेली. धार, सोंड, खिंड, कडा, सुळका हे शब्दही हिमालयात तसेच्या तसे चालतात, आणि ते वापरायला मराठी आरोहकांनी संकोच करू नये.

बर्फाचा स्वभाव कोकणातल्या माणसाला जवळून पाहायचा असेल, तर त्याने मिरकरवाडा किंवा हर्णैसारख्या मासळी बंदरावर पहाटे उभे राहावे. कारखान्यातून आलेली बर्फाची लादी कडेने काचेसारखी पारदर्शक आणि मध्यभागी पांढरी असते, कारण पाणी डब्याच्या कडेकडून आत गोठत जाताना त्यात विरघळलेली हवा मध्याकडे ढकलली जाते आणि तिथे बुडबुड्यांच्या रूपाने अडकते. साच्यातून नुकत्याच काढलेल्या, अतिथंड लादीच्या पारदर्शक भागावर टोकदार सळई मारली, तर तिथे भोक न पडता बशीएवढे चकंदळ तडकून उडते. पांढऱ्या भागात तीच सळई नीट रुतते, आणि थोडा वेळ उन्हात राहून अंगाला पाणी सुटलेली लादी तडकण्याऐवजी घाव सोसून घेते. आरोहक आइस ॲक्सचे, म्हणजे बर्फात रोवायच्या कुऱ्हाडीचे, टोक कुठे मारायचे हे नेमके याच खुणांवरून ठरवतो. पांढरट, हवा धरलेला बर्फ एका घावात पकड देतो. काळपट-निळा, अतिथंड बर्फ आधी वरचा ठिसूळ थर झाडून टाकल्याशिवाय विश्वासाचा होत नाही. लादी कुठे फुटेल हे हाताने ओळखणाऱ्या बंदरावरच्या कामगाराला या विद्येचा अर्धा भाग अवगत असतो, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

या आरोहणाचा इतिहास पुष्कळसा साधनांच्या इतिहासाशी जोडलेला आहे. ब्रेन्वाच्या सोंडेवर १८६५ मध्ये वाट एका सुरीसारख्या अरुंद बर्फाळ धारेवर आली, तेव्हा आघाडीचा वाटाड्या याकोब आंडरएग थोडे अंतर तोल सावरत चालला आणि मग घोड्यावर बसावे तसा धारेच्या दोन्ही बाजूंना पाय सोडून पुढे सरकत गेला. त्या काळी तीव्र बर्फावर चढणे म्हणजे कुऱ्हाडीने एकेक पायरी खोदणे. ऑस्कर एकेनस्टाइन यांनी १९०८ मध्ये बुटाला बांधायच्या दहा दात्यांच्या क्रॅम्पॉनचा आराखडा तयार केला. १९२९ मध्ये लोरां ग्रिव्हेल यांनी त्याला पुढच्या बाजूला दोन दाते जोडले आणि पायऱ्या न खोदता बुटाच्या टोकावर उभे राहणे शक्य झाले. या दोन दात्यांनी काय बदलले, ते स्वित्झर्लंडमधील आयगर शिखराच्या सुमारे १,८०० मी. उंच उत्तर कड्यावर जुलै १९३८ मध्ये दिसले. हाइनरिश हॅरर यांच्या पायांत क्रॅम्पॉन नव्हतेच आणि फ्रिट्झ कास्पारेक यांच्याकडे जुन्या पद्धतीचे दहा दात्यांचे होते, त्यामुळे ते पायऱ्या खोदत चढत होते; मागाहून निघालेले आंडरल हेकमायर व लुडविग फोर्ग बारा दात्यांवर झपाट्याने येऊन त्यांना गाठू शकले. पुढे चौघे एकत्र चढले आणि २४ जुलैला माथ्यावर पोहोचले. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात इव्हाँ शुईनार यांनी आइस ॲक्सच्या टोकाला खाली वळण दिले, तेव्हापासून ते टोक उभ्या बर्फात अडकून माणसाचा भार पेलू लागले.

हिमालयात शिखरे प्रथम सर करण्याचा काळ ओसरू लागल्यावर नव्या मार्गांकडे लक्ष वळले. क्रिस बॉनिंग्टन यांच्या नेतृत्वाखालील मोहिमेतील डॉन व्हिलन्स व डुगल हॅस्टन यांनी १९७० मध्ये ८,०९१ मी. उंचीच्या अन्नपूर्णेचा दक्षिण कडा चढला. गंगोत्री परिसरातील ६,५४३ मी. उंचीचे शिवलिंग १९७४ मध्ये भारतीय तुकडीने प्रथम सर केले, आणि १९८१ मध्ये चौघांच्या एका तुकडीने त्याच्या पूर्व धारेवरून तेरा दिवसांत नवा मार्ग काढला. १९७६ मध्ये पीटर बोर्डमन व जो टास्कर या दोघांनीच गढवालमधील ६,८६४ मी. उंचीच्या चांगाबांगचा पश्चिम कडा चढून दाखवला. कड्यावर टांगलेल्या झोळ्यांत थंडी किती सोसवते हे पाहण्यासाठी त्यांनी आधी इंग्लंडमधील एका शीतगृहात रात्री काढल्या होत्या. समुद्रसपाटीला राहणाऱ्या माणसाने अशा तयारीला हसू नये. बर्फाच्या कारखान्यापलीकडे थंडी कुठेच न भेटणाऱ्या प्रदेशात ती फार शहाणपणाची गोष्ट आहे.

मार्गाची निवड दुर्बिणीने आणि छायाचित्रांवरून सुरू होते, पण खरा निर्णय उतार, ऊन आणि वेळ यांवर ठरतो. बहुतेक हिमप्रपात ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात, आणि नेमक्या त्याच उतारांवरून चढायला सर्वांत सोपे जाते. नवे हिम पडल्यानंतरचे पहिले एक-दोन दिवस विशेष घातक असतात. हिमनाळ लांबून सरळ, मोकळी आणि निमंत्रण देणारी दिसते. मात्र वरच्या कड्यावरून सुटलेला प्रत्येक धोंडा, प्रत्येक हिमाचा लोट तिच्यातूनच खाली येतो. नळीच्या वाटेने चढताना वरच्याच्या पायाखालचा दगड सुटला की ‘दगड!’ अशी हाक देऊन सगळे कडेला सरकतात, आणि पावसाळ्यात तीच नाळ पाण्याचा लोंढा होते म्हणून जाणता माणूस तिकडे फिरकत नाही; हिमनाळेचे शास्त्र याहून वेगळे नाही, फक्त तिथला पावसाळा रोज दुपारी येतो. सूर्य वरच्या कड्याला लागला की रात्रभर गोठून धरून ठेवलेले दगड सुटू लागतात, म्हणून आरोहक मध्यरात्रीनंतर एक-दोनच्या सुमारास निघतात आणि ऊन लागण्यापूर्वी नाळेतून बाहेर पडून धार गाठण्याचा प्रयत्न करतात. ज्ञात आणि सरावाच्या वाटेवरही हा धोका टळत नाही: ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडातील द्रौपदी का डांडा-२ या शिखरावर झालेल्या हिमप्रपातात पंचवीसहून अधिक जण, त्यांतले बहुतेक प्रशिक्षणार्थी, मृत्युमुखी पडले. नव्या मार्गावर तर आधी गेलेल्याचा अनुभव हा एवढा आधारही नसतो.

ऋतूचे गणित कोकणातल्या आरोहकाला घरबसल्या मांडता येते. रत्नागिरीत जूनच्या पहिल्या पंधरवड्यात धरणारा मोसमी पाऊस गढवालात साधारणपणे त्याच महिन्याच्या उत्तरार्धात पोहोचतो. त्यामुळे तिथे मे ते जूनचा मध्य आणि पाऊस ओसरल्यानंतरचे सप्टेंबर-ऑक्टोबर हेच हंगाम मानले जातात. पहिल्यात हिम जास्त, दुसऱ्यात थंडी जास्त आणि बर्फ उघडा. लडाख व झांस्कर हे पर्वताच्या पर्जन्यछायेत येतात, जसा सह्याद्रीमागचा देश येतो, म्हणून ऐन जुलै-ऑगस्टमध्ये कोकण भिजत असताना तिथे चढता येते.

उंचीचा प्रश्न मात्र घरबसल्या सुटत नाही. सुमारे ५,५०० मी. उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो, आणि महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर असलेले कळसूबाई अवघे १,६४६ मी. आहे. सह्याद्रीत कितीही चढले तरी पाय तयार होतात, रक्त तयार होत नाही. यासाठी ३,००० मी. ओलांडल्यानंतर मुक्कामाची उंची दररोज ५०० मी.पेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांतीचा ठेवावा, असा सर्वमान्य दंडक आहे. रजा कमी म्हणून हे दिवस कापणारे आरोहक सर्वांत मोठी चूक करतात. उत्तरकाशी येथील नेहरू गिर्यारोहण संस्था (स्थापना १९६५) आणि दार्जिलिंग येथील हिमालयीन गिर्यारोहण संस्था (१९५४) यांचे अभ्यासक्रम किनाऱ्यावरच्या माणसासाठी म्हणूनच केवळ दोर-गाठींचे शिक्षण नसते. शरीर उंचीवर कसे वागते हे तो तिथे प्रथम शिकतो.

प्रत्यक्ष चढाईत दोरीच्या एका लांबीचे, म्हणजे बहुधा ५० ते ६० मी.चे टप्पे केले जातात. पुढचा चढतो, मागचा दोर सांभाळतो, आणि दोघांमध्ये बर्फात फिरवून बसवलेले पोकळ नळीचे आइस स्क्रू असतात. मऊ हिमात स्क्रू निरुपयोगी ठरतो. तिथे उताराला आडवी चर खोदून त्यात आइस ॲक्स किंवा ॲल्युमिनियमची पट्टी पुरतात आणि तिच्या मध्याला दोर बांधतात. उतरताना खर्च वाचवणारी व पर्वतावर कमीत कमी वस्तू मागे ठेवणारी एक सुंदर युक्ती आहे, जी सोव्हिएत आरोहक विटाली अबालाकोव्ह यांच्या नावाने ओळखली जाते. चांगल्या बर्फात लांब स्क्रूने एक तिरपे भोक पाडतात, एक वीत सोडून दुसरे भोक असे पाडतात की दोन्ही आत एकमेकांना मिळतील, मग एका भोकातून घातलेली दोरी तारेच्या आकड्याने दुसऱ्यातून ओढून घेऊन गाठ मारतात. भार पेलतो तो दोन भोकांमधला बर्फाचा खांब, आणि मागे राहतो तो हातभर दोरीचा तुकडा.

मार्ग कसा चढला गेला याला मार्गाइतकेच महत्त्व दिले जाते. अनेक तळ, मैलोगणती कायम दोर आणि भारवाहकांच्या साहाय्याने केलेली वेढ्याची पद्धत एका टोकाला. सगळे सामान पाठीवर घेऊन एकाच दमात वर जाणारी आणि खाली येणारी आल्पाइन पद्धत दुसऱ्या टोकाला. दुसरीत चुकीला जागा कमी असते, पण पर्वतावर राहण्याचा काळ आणि म्हणून धोक्याखाली राहण्याचा काळही कमी असतो. काठिण्य सांगण्यासाठी एफ, पीडी, एडी, डी, टीडी, ईडी ही सोप्यापासून अत्यंत कठीणापर्यंत जाणारी फ्रेंच श्रेणी संपूर्ण मार्गाला, तर डब्ल्यूआय (वॉटर आइस) ही श्रेणी गोठलेल्या धबधब्यांच्या बर्फाला लावतात. नव्या मार्गाची श्रेणी देण्याचा मान प्रथम चढणाऱ्यांचा असला तरी ती पुढच्या चढाईनंतरच पक्की होते.

मार्ग माथ्यापर्यंत न जाता धारेवर संपला तर त्यास पूर्ण मानावे काय, हा वाद जुना आहे. व्हॉयटेक कुर्टिका व रॉबर्ट शाउअर यांनी १९८५ मध्ये काराकोरममधील ७,९२५ मी. उंचीच्या गॅशरब्रुम-४ चा पश्चिम कडा चढला, पण वादळ, भूक आणि थकवा यांमुळे ते माथ्यावर न जाता दुसऱ्या धारेने उतरले. तरीही ती चढाई हिमालय-काराकोरममधील सर्वोत्तमांत गणली जाते, आणि ते योग्यच आहे. कारण कुठे थांबलो हे दोघांनी कधी लपवले नाही.

खडकावरचा मार्ग पन्नास वर्षांनीही जवळजवळ तसाच सापडतो, हिममार्ग मात्र त्या मोसमापुरता असतो. पुढच्या वर्षी तीच नाळ कोरडी, त्याच भिंतीवर बर्फाऐवजी सुटे दगड, तोच हिमकडा कोसळलेला असू शकतो, आणि तापमानवाढीमुळे हा बदल आता झपाट्याने होतो आहे. खडकाला आतून धरून ठेवणारा बर्फ वितळल्यामुळे खडकावरचे काही मार्गही आता टिकत नाहीत, याचा मोठा दाखला आल्प्समधील द्रू शिखरावर मिळाला. वॉल्टर बोनाटी यांनी १९५५ मध्ये एकट्याने चढलेला स्तंभ २००५ मध्ये कोसळला. म्हणून नव्या हिममार्गाची नोंद हीच त्याची खरी टिकणारी गोष्ट ठरते. १९२८ मध्ये स्थापन झालेल्या हिमालयन क्लबचे ‘हिमालयन जर्नल’ १९२९ पासून अशा नोंदी जतन करीत आले आहे. चांगल्या नोंदीत कड्याच्या छायाचित्रावर काढलेली रेषा, चढाईची तारीख व प्रत्येक टप्प्याची वेळ, हिम आणि बर्फ कुठे व कसा होता, मुक्कामाच्या जागा, मागे ठेवलेले साहित्य, माघार घेता येईल अशा जागा आणि उतरण्याची वाट एवढे तरी असते. यांतली उतरण्याची वाट मराठी नोंदींमध्ये बहुतेक वेळा एका ओळीत उरकलेली आढळते, आणि मागाहून येणाऱ्या तुकडीला सर्वांत जास्त गरज तिचीच असते.